नवरीकडची माणसं

लग्नाला हॉल घ्यायचा नाही, ते पैसे भाड्याच्या घराच्या अनामतीत घालायचे, असं इन्सॉक आणि बोरमनं ठरवलं. कोरियातल्या देगू शहराच्या बाजारात इन्सॉकच्या आईचं किमचीचं, म्हणजे कोबीच्या तिखट लोणच्याचं, दुकान होतं. ही गोष्ट ऐकून कोबीला मीठ चोळता चोळता ती थांबली.

"आयुष्यभर मी लोकांच्या लग्नात आहेराची पाकिटं दिली. ती परत कधी यायची, मी मेल्यावर?"

"आई, मोठी अनामत एकदाच भरली की दर महिन्याचं भाडं नको..." इन्सॉक हिशेब सांगू लागला.

"तू गप्प बैस. बोरम, हे तुझंच डोकं ना गं?"

बोरमनं मान खाली घातली. "आई, पैशांचं तर आहेच. पण हॉलमध्ये नवरीकडच्या खुर्च्या रिकाम्या दिसतील. मला कोणीच नाही."

हे कारण तिनं इन्सॉकलाही सांगितलं नव्हतं. आईनं हातमोजे काढून तिचा हात धरला. "एवढंच ना, वेडे?"

वसंतात एका छोट्या खानावळीत लग्न झालं. घरही मिळालं. आई बाजारातल्या सगळ्या बायकांना घेऊन नवरीच्या बाजूला बसली. इन्सॉककडे एक मामा तेवढा उरला.

"आणि माझं कोण?" इन्सॉक कुरकुरला.

"तुला बायको मिळतेय ना! सरळ उभा राहा," आई म्हणाली.