बोलताक्षणी मोडणारं वाक्य

शार्दूलला पगार मिळतो तो वाक्यांच्या गाठी मारण्याबद्दल. बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीनं चॅटबॉट तयार केलाय आणि त्याला अडकवतील अशी वाक्यं शोधणं हे याचं काम. ‘हे वाक्य खोटं आहे’, असलं काहीतरी. खरं मानावं तर खोटं ठरतं, खोटं मानावं तर खरं. चॅटबॉट गोंधळला की शार्दूल खूश. एवढ्यावर भागलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं, पण हा गृहस्थ ते काम घरी घेऊन येतो. सुखदा चिडून म्हणाली, “मला तुझ्याशी बोलायचं नाहीये,” की हा लगेच, “बोललीसच की!” लग्नाच्या नव्या नवलाईत ती हसायची. हल्ली नुसती दुसऱ्या खोलीत जाते.

डिसेंबरात सुखदाची नोकरी गेली. एका व्हिडिओ कॉलवर अख्ख्या टीमला नारळ दिला. बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभी राहून ती रडली आणि तिनं शार्दूलकडे एकच गोष्ट मागितली.

“कुणाला सांगू नकोस. दुसरी मिळाली की मीच सांगेन. आत्ता कुणी ‘अरेरे’ म्हटलं ना, तर मला सहन नाही होणार.”

“नाही सांगणार,” शार्दूल म्हणाला. तिला जवळही घेतलं. आणि तिच्या खांद्यावर हनुवटी टेकलेली असतानाच त्याला एक वाक्य सुचलं: ‘सुखदाची नोकरी गेली, हे मी कुणालाही सांगणार नाही.’ म्हणजे वचन पाळतो म्हणता म्हणताच वचन मोडायचं! काय सुरेख गाठ होती. इकडे बायको रडत होती आणि साहेब वाक्याकडे बघत होते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी जयनगरला शार्दूलच्या आत्याकडे हळदीकुंकू होतं. प्रमोदिनीआत्या लग्न होऊन बंगळुरूला आली ती इथलीच झाली. तिच्या ताटात तिळाच्या वडीशेजारी एळ्ळू-बेल्ल असतं, तीळ, गूळ, खोबरं एकत्र केलेलं, आणि बोलण्यातही कानडी तसंच मिसळलेलं. नियम मात्र माहेरचे, तेही कडक. नाव घेतल्याशिवाय वाण नाही. तरुण मुली कुरकुरतात की आम्ही दिवसभर नवऱ्याला नावानंच हाक मारतो. आत्या ऐकत नाही. “टॉवेल उचल म्हणून ओरडणं म्हणजे नाव घेणं नव्हे ग. चारचौघींत, मानानं घ्यायचं. तेव्हा ते घेतलेलं.” गेल्या वर्षी सुखदानं सिल्क बोर्ड चौकातल्या ट्रॅफिकवर उखाणा रचला होता आणि बायका हसून हसून बेजार झाल्या होत्या. यंदा तिला यायचंच नव्हतं. नाही गेलो तर आत्या कारण विचारेल, म्हणून आली.

बायकांच्या घोळक्यात शार्दूलचं काही काम नव्हतं. तो आत्याच्या यजमानांपाशी, सूर्यकांतअण्णांपाशी, जेवणाच्या टेबलाला बसला होता. अण्णांना कोड्यांचा भारी नाद.

“काय म्हणतंय तुझं ते मशीन? स्वल्प, थोडंसं आम्हालाही अडकव बघू,” अण्णा म्हणाले.

शार्दूलनं खोट्या वाक्याची गाठ सांगितली. अण्णांनी मांडीवर थाप मारली. तो आवाज ऐकून दोघी-तिघी वळल्या. मग आणखी चौघी. शार्दूलला ऐकणारी माणसं मिळाली की त्याचं भान सुटतं.

“काही वाक्यं बोलताक्षणी मोडतात,” तो खुर्ची वळवून म्हणाला. “आता हेच बघा. ‘मी गप्प बसलोय.’”

हशा पिकला. आत्या हळदीकुंकवाचा करंडा हातात घेऊन उभी होती. “आणखी एक सांग की रे.”

आणि त्याच्या डोक्यात ते सुरेख वाक्य तयारच होतं. ती बातमी आहे, गुपित आहे, बायकोनं रडत मागितलेली गोष्ट आहे, हे त्याला त्या क्षणी आठवलंच नाही. त्याच्या लेखी ते फक्त एक उदाहरण होतं, तेही सगळ्यांत चांगलं.

“‘सुखदाची नोकरी गेली, हे मी कुणालाही सांगणार नाही.’”

बायका हसल्या. मग हसू एकेकीच्या तोंडावरून उतरत गेलं. आत्याची सून आश्लेषा आयटीतलीच. तिनं सरळ विचारलं, “म्हणजे, खरंच गेली?”

शार्दूलचे कान तापले. खरं म्हणावं तर बायकोचा विश्वास मोडला, खोटं म्हणावं तर आता तिनं सगळ्यांसमोर खोटं बोलायचं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मारलेल्या गाठीत तो स्वतः अडकला होता, आणि त्यात सुरेख असं काही नव्हतं.

“छे, नुसतं उदाहरण होतं,” तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याची त्याला तिथल्या तिथे किळस आली.

आत्यानं सुखदाकडे पाहिलं. “होय का ग?”

सुखदा सतरंजीवर बसली होती. कपाळाला नुकतंच लावलेलं कुंकू थोडं नाकावर सांडलं होतं. ती म्हणाली, “गेली, आत्या. डिसेंबरात.”

“अय्यो, पाप!” आत्याच्या तोंडून निघालं. कानडीत त्याचा अर्थ ‘बिचारी’ एवढाच. सुखदाला जे नको होतं ते नेमकं हेच. मग सगळ्याच मायेनं तुटून पडल्या. आश्लेषा म्हणाली बायोडेटा पाठव. एक बाई म्हणाल्या, बरंच झालं, आता बाळाचं मनावर घ्या. सुखदा प्रत्येकीला “हो” म्हणत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिनं शार्दूलकडे रागानं पाहिलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं पाहिलंच नाही. लाजेनं त्याला आपल्या हातांचं काय करावं कळेना. तो बशीतले तीळ बोटानं एका बाजूला सारत बसला.

आत्या घाईघाईनं म्हणाली, “पुरे आता. सुखदा, तुझी पाळी. छानसं नाव घे, वाण घे, सगळं बरं होतं बघ.”

सुखदा उठली. बायका सरसावून बसल्या. तिचे उखाणे सगळ्यांना माहीत होते.

“शार्दूलचं नाव मी घेणार नाही,” ती म्हणाली.

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग आत्या टाळी देत हसली. “घेतलंस की ग! शार्दूल, तुझ्याच जातीचं वाक्य रे हे. बोलली आणि मोडलं!” सगळ्यांना हसायला निमित्तच हवं होतं. “सरी, ठीक आहे, द्या तिला वाण.”

आश्लेषानं स्टीलचा डबा तिच्या हातात दिला. सुखदानं तो जपून, आवाज न करता, परत ताटात ठेवला.

“नियम तुमचाच आहे, आत्या,” ती म्हणाली आणि दाराकडे चपला शोधायला गेली.

हसणं अर्धवट थांबलं. अण्णांना मात्र कोड्याची लज्जत आली होती. ते शार्दूलच्या खांद्याला हलवून म्हणाले, “आता तूच सांग, पंडित. नाव तर उच्चारलं. मग घेतलं की नाही घेतलं?”

सगळ्या त्याच्याकडे बघत होत्या. दारात सुखदा पाठमोरी वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तिचा हात थांबला.

शार्दूलला दोन्ही बाजूंनी वाद घालता आला असता. तेच तर त्याचं काम.

“नाही घेतलं, अण्णा,” तो म्हणाला. “तिचं वाक्य खरं आहे.”