एकवीस टक्के

प्रविण देवकरचं दुकान पेणला आणि घर रोह्याजवळ, अष्टमी गावात. रोज सकाळी नागोठण्यावरून पेण गाठायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत यायचं, असं सात वर्षं चाललं होतं. दुकान फ्रीज, कूलर, वॉशिंग मशीनचं. माणूस वाईट नव्हता. वॉरंटी संपल्यावर कुणाचा फ्रीज बंद पडला तरी दुरुस्तीला माणूस धाडायचा, आणि ओळखीच्या घरी लग्न निघालं की पंखा स्वतः नेऊन द्यायचा. शिवाय एक गोष्ट त्याला देवाने दिली होती. जाहिरातीची ओळ त्याला चटकन सुचायची. दिवाळी आली की आजूबाजूचे चार दुकानदार चहा घेऊन त्याच्याकडे बसायचे, "प्रविणशेठ, आमच्यासाठी पण एक बघा" म्हणून.

त्या वर्षी एप्रिलमध्ये काश्मीरात जवानांच्या गाड्यांवर हल्ला झाला. गेलेल्यांत विशाल म्हात्रे होता. पेणच्या खाडीकडचं खारमाची हे त्याचं गाव. बाप जगन मिठागरात काम करणारा, आई चंद्रावती, आणि एक धाकटी बहीण. वय चोवीस. दोन दिवस सगळा तालुका मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. तिसऱ्या दिवशी फुलांनी झाकलेल्या ट्रकातून विशाल गावी आला, तेव्हा पेणची बाजारपेठ बंद होती आणि प्रविण खारमाचीच्या बांधावर हजारो माणसांत उभा होता. बंदुकीच्या फैरी झडल्या. बगळ्यांचा थवा खाडीवरून उठला. कुठूनतरी विशालच्या आईचा आवाज आला, आणि प्रविण रडला. खरोखर रडला. रुमाल गाडीत राहिला होता, म्हणून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात तो खोटं रडला असं कुणाला वाटू नये.

ओळ सुचली ती परत येताना, गाडी चालवताना. डोळे अजून चुरचुरत होते.

'एकवीस तोफांची सलामी. एकवीस टक्के सूट.'

गाडी बाजूला घेऊन त्याने मितेशला फोन लावला. मितेशचं पेणमध्येच फ्लेक्स छापायचं दुकान होतं. तो ऐकून म्हणाला, "शेठ, अंगावर काटा आला. फोटो आहे ग्रुपवर, संध्याकाळपर्यंत करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणच्या एसटी स्टँडसमोर, दुकानापासून रस्त्याच्या पलीकडे, आणि रोह्यात पुलाच्या तोंडाशी असे दोन फ्लेक्स लागले. मागे फडकता तिरंगा, डावीकडे वर्दीतला हसरा विशाल, उजवीकडे दोन दारांचा चंदेरी फ्रीज. वर 'वीर जवान विशाल म्हात्रे अमर रहे'. खाली ती ओळ, आणि त्याच्याखाली, 'देशप्रेमी ग्राहकांसाठी फक्त सात दिवस'. दुपारपर्यंत फ्लेक्सचे फोटो सगळ्या ग्रुपांवर फिरले. उन्हाळा होता, लग्नसराई होती, गिऱ्हाईक दुकानात मावेना. समोरचा भांडीवाला येऊन म्हणाला, "ओळ कोणाची?"

"माझीच," प्रविण म्हणाला.

"मानलं तुम्हाला."

त्याला बरं वाटलं. गावच्या पोराचं नाव आपण चौकात लावलं, असं तो स्वतःला सांगत होता, आणि ते त्याला पटतही होतं.

फ्लेक्स लागल्याच्या चौथ्या दिवशी दुपारी दुकानाच्या काचेच्या दाराबाहेर एक म्हातारासा माणूस चपला काढताना दिसला. पायांच्या टाचा मिठाने फुटलेल्या, अंगात धुतलेला पांढरा सदरा. बरोबर वीसेक वर्षांची मुलगी. प्रविणने त्याला ओळखलं. स्मशानात त्याच्या हातात घडी केलेला तिरंगा दिला होता, तेव्हा प्रविणने त्याला लांबून पाहिलं होतं.

"चपला राहू द्या, काका, आत या," प्रविण गडबडीने उठला.

जगन आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. हात जोडून म्हणाला, "शेठ, तुमचे लय उपकार झाले. पोराचा येवढा मोठा फोटू तुमी लावलात. आमच्या घरात त्याचा वर्दीतला एकपन मोठा फोटू नाय. मोबाइलमधलाच काय तो."

"अहो, आमचं कर्तव्यच आहे ते," असं काहीतरी प्रविणच्या तोंडून गेलं.

"एक मागनं हाय. तुमचे सात दिस झाले की तो काढाल ना? तवा टाकू नका. आमाला द्या. त्याची आय रोज म्हनते, मना त्याला मोठा बघायचाय."

"देतो ना. मी स्वतः घेऊन येतो."

"लय बरं होईल." जगनने पुन्हा हात जोडले. मग मुलीला म्हणाला, "तू पानी पी गो, मी जरा बघून येतो त्याला." आणि तो बाहेर जाऊन रस्त्याच्या पलीकडे, फ्लेक्सखाली, मान वर करून उभा राहिला.

मुलगी तिथेच उभी होती. तिचं नाव किमया. गिऱ्हाइकं कूलरची हवा हाताने चाचपत होती. ती हळू आवाजात बोलली, आजूबाजूच्या कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू.

"बाबांना वाचता येत नाय. खाली काय लिवलंय ते मी त्यांना सांगितलं नाय. आईलापन नाय."

प्रविणने समोरचं बिलबुक मिटलं.

"तो फोटो माझा हाय," ती म्हणाली. "म्हंजे आमचा दोघांचा. मागच्या सुट्टीत तो परत निघाला तेव्हा स्टँडवर काढला होता. मी त्याच्या बाजूला होते. तो गेल्यावर मी स्टेटसला ठेवला, तिथून कुणी घेतला असेल." तिने काचेतून बाहेर पाहिलं. "माझ्या जागी तुमचा फ्रीज हाय."

तिचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. दर विचारायला आलेल्या बाईसारखी ती काउंटरला हात न लावता उभी होती. प्रविणला वाटलं, हिने मोठ्याने बोलावं, चार लोकांत शिव्या द्याव्यात. तिने तसलं काही केलं नाही. ती बाहेर गेली, बापाच्या चपला उचलून त्याच्या पायांशी ठेवल्या आणि दोघं स्टँडकडे चालू लागली.

प्रविणने त्याच तासात दोन्ही फ्लेक्स उतरवायला माणसं लावली. गिऱ्हाइकं विचारू लागली, ऑफर संपली का? फ्लेक्सवर तर सात दिवस लिहिलं होतं. सूट तेवढी चालू ठेवावी लागली, आणि येणारा प्रत्येकजण बिलाच्या वेळी हसून "एकवीस" म्हणायचा. तो आकडा कानावर पडला की प्रविणची मान खाली जायची. फैरी झडल्या तेव्हा आपण तिथे उभे होतो, आणि त्या मोजत होतो की काय, असं त्याच्या मनात येऊ लागलं.

घरी त्याने बायकोला, वैशालीला, सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी बरं वाटलं नव्हतं, पुलावर बघितलं तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतके खुशीत होतात. आणि खरं सांगू, मीही माझ्या बहिणीला फोन केला होता, त्या सवलतीत वॉशिंग मशीन घेऊन टाक म्हणून."

ती पुन्हा भाजी निवडू लागली.

फ्लेक्स द्यायचं कबूल केलं होतं, पण तो तसा देणं शक्यच नव्हतं. प्रविणने किमयाचा नंबर मिळवून मूळ फोटो मागितला. तिने शब्दही न लिहिता तो पाठवला. स्टँडवरचा बाक, मागे एसटीची लाल कड, विशालचा हात बहिणीच्या डोक्यावर, टपली मारल्यासारखा, आणि ती वैतागून हसतेय. फ्लेक्स करताना मितेशने तो हात कापून तिरंग्यात लपवला होता. प्रविणने तो फोटो जसाच्या तसा, दाराएवढा मोठा करून फ्रेम करून घेतला. मितेश म्हणाला, "शेठ, खाली दुकानाचं नाव बारीक टाकू?" प्रविणने त्याच्याकडे पाहिलं आणि मितेशने पुन्हा विचारलं नाही.

तेराव्याला शाळेच्या मैदानात शोकसभा होती. प्रविण फ्रेम गाडीत घालून गेला. मागे कुठेतरी बसावं, फोटो घरी पोचवावा आणि निघावं, असा त्याचा बेत होता. पण सरपंचांनी त्याला हेरलं. माइकवरून नाव पुकारलं. "पेणमधल्या एवढ्या व्यापाऱ्यांत आपल्या विशालची आठवण ठेवली ती फक्त देवकरशेठनी. त्यांनी दोन शब्द बोलावेत."

टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी नुसत्या माना हलवल्या. प्रविण उठला. माइकपर्यंत जाईतो त्याने ठरवलं होतं की सांगून टाकायचं. मी आठवण ठेवली नाही, मी फ्रीज विकले. एवढंच वाक्य. पहिल्या रांगेत चंद्रावती बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन, आणि ती त्याच्याकडे इतक्या आशेने बघत होती की जणू हा माणूस विशालबद्दल तिला माहीत नसलेलं काहीतरी सांगणार आहे.

"विशाल हा फक्त म्हात्रे कुटुंबाचा नव्हता," प्रविण म्हणाला. "तो आपल्या सगळ्यांचा होता."

आणखी तीन-चार वाक्यं तो तसलंच बोलला. त्याला बोलता येत होतं, आणि वाक्यं आपोआप जुळत गेली. बायका डोळे पुसू लागल्या. किमया आईच्या बाजूला बसली होती. ती जमिनीकडे बघत राहिली. प्रविण जागेवर येऊन बसला तेव्हा त्याच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता आणि शेजारचा माणूस त्याच्या मांडीवर थोपटून म्हणत होता, "छान बोललात."

सभा संपल्यावर फ्रेम जगनच्या घरी पोचवून तो निघाला, पण त्यानंतर पंधरा दिवस त्याचं जेवणात लक्ष लागेना. शेवटी मे महिन्यातल्या एका सकाळी दुकान न उघडता तो थेट खारमाचीला गेला. जगन मिठागरात होता. गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात, लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ कडेला ओढत होता. प्रविण बूट हातात घेऊन बांधावरून त्याच्यापर्यंत गेला.

"काका, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगा की."

प्रविणने सांगितलं. फ्लेक्सवर खाली काय लिहिलं होतं, ते वाचून दाखवावं तसं शब्दन् शब्द सांगितलं. ओळ माझीच होती, म्हणाला. शोकसभेत सांगणार होतो, धीर झाला नाही, म्हणाला. किमयाने तुमच्यापासून लपवलं, तिच्यावर रागावू नका, असंही म्हणाला.

जगनने फळी थांबवली नव्हती. मिठाचा एक ढीग पुरा झाल्यावर तो दांड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"मना वाचता येत नाय, शेठ," तो म्हणाला. "पन फ्रीज तर दिसतो."

प्रविणला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"मग तुम्ही... उपकार म्हणालात. हात जोडलेत मला."

"त्याच्या आयला फोटू पायजेल होता." जगन सावकाश बोलत होता, पोराला समजवावं तसा. "तुमच्याकडं होता. मागायला जायचं तर चार गोड शब्द बोलावे लागतात. मिठागराचा मुकादम असो नाय तर कोन, आमी जलमभर तसंच बोलत आलो. त्यात काय मोठं?"

वारा खारट होता. लांब कुणीतरी बाई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चालली होती. प्रविणने कबुली देण्यासाठी मनाशी जे जे जुळवलं होतं, ते सगळं आता कामाचं राहिलं नव्हतं. त्याला आतापर्यंत वाटत होतं की आपण एका भोळ्या बापाला फसवलं. तो बाप भोळा नव्हता. सगळं बघून, समजून, मुलगा गेल्याला आठवडा होतो न होतो तोच, तो परक्याच्या दारात चपला काढून उभा राहिला होता.

"मी काय करू, काका?" त्याने विचारलं.

"काय करनार?" जगन म्हणाला. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. "घरी जाऊन चा घेऊन जा. त्याची आय हाय घरी. ऊन चढायच्या आत मना ह्ये आवरायचंय."

प्रविण जगनच्या घरी गेला. चंद्रावतीने त्याला पाट दिला, कोरा चहा दिला, आणि चहा पिऊन होईस्तोवर विशाल लहानपणी खाडीत कसा पडला होता ते सांगत बसली. किमया आतून आली, त्याला पाहून थबकली, मग आईच्या शेजारी बसून कुठे काय चुकतंय ते दुरुस्त करू लागली. "तेव्हा तो सहावीत होता, आई, पाचवीत नाय." प्रविण ऐकत राहिला. या पोराबद्दल आपण पहिल्यांदाच ऐकतोय, हे त्याच्या ध्यानात आलं.

निघताना किमया अंगणापर्यंत आली.

"बाबांना सांगितलंत?"

"हो. त्यांना माहीत होतं."

तिचा चेहरा एकाएकी लहान मुलीसारखा झाला. बापाला जपण्यासाठी ती इतके दिवस एकटी गप्प राहिली होती, आणि तिला जपण्यासाठी बाप.

"बरं," ती म्हणाली, आणि मिठागराच्या दिशेने भराभर चालू लागली.

प्रविण गाडीत येऊन बसला. पेणला वळायचं होतं, पण तो दुकानाकडे गेला नाही. भर दुपारी अष्टमीला पोचला तेव्हा वैशाली दारात कपडे वाळत घालत होती. त्याला अवेळी आलेला पाहून तिने काय झालं म्हणून विचारलं. पायरीवर बसून त्याने तिला जगन जे बोलला ते सांगितलं, काही न गाळता. सांगून झाल्यावर, जाऊ दे आता, असं काही ती म्हणेल म्हणून तो थोडा वेळ थांबला. वैशाली तसं म्हणाली नाही. ती ओले कपडे बादलीत तसेच ठेवून त्याच्या शेजारी पायरीवर बसली.