झुल्मिराच्या भाषेतलं सूत्र

बेनेदितो सकाळी वारला आणि दुपारी त्याची बायको झुल्मिरा थेट देवळात आली. पराना प्रांतातल्या त्या कॉफीच्या गावात जपानी लोकांचं ते एकच बौद्ध मंदिर. बेनेदितो तीस वर्षं तिथला माळी होता. गळ्यात मारियामातेचं पदक घालायचा, आणि रोज सकाळी अमिदा बुद्धापुढे कपभर काळी कॉफी ठेवायचा. "रोज नुसता भात? घरी आलेल्याला कॉफी नको विचारायला?" असं म्हणायचा. आता सगळ्यांनाच ती सवय झाली होती.

शिझुए मोरिनागा वेदीवरची फुलं बदलत होती. तिचा नवरा इथला पुरोहित. तो गेल्यावर दुसरं कुणी यायला तयार होईना, तेव्हा साओ पाउलोला जाऊन, सहासष्टाव्या वर्षी शिकून, दीक्षा घेऊन ती स्वतःच पुरोहित होऊन परतली होती.

"ताई," झुल्मिरा म्हणाली, "उद्या सकाळी नेणार त्याला. फादर येणारेत. पण त्याने म्हणून ठेवलंय, अमिदानेही निरोप द्यायला हवा."

"येईन की. सांगायला हवं का?"

"तसं नाही. तुम्ही म्हणाल ते मला कळायला हवं. तीस वर्षं मागे बसून ऐकलं त्याने, एक शब्द कळला नाही. निदान जाताना तरी कळू दे बिचाऱ्याला."

शिझुएने हातातली फुलं खाली ठेवली. मग तिने वही आणली आणि दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. शिझुए सूत्राची एकेक ओळ इथल्या पोर्तुगीजमध्ये सांगे, झुल्मिरा "असं कोण बोलतं?" म्हणून ती मोडून सरळ करी. सूत्रात, माणूस मेल्यावर जातो त्या अमिदाच्या देशातले पक्षी आले. मोर झाले, पोपट झाले, आणि एका पक्ष्यापाशी शिझुए अडली.

"याला तुमच्यात नावच नाही. फार गोड गातो, एवढंच ठाऊक."

"मग साबिया लिहा. त्याच्याहून गोड कोण गातं?"

शिझुएने क्षणभर विचार केला आणि साबिया लिहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच झुल्मिरा हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

तेवढ्यात मंदिराचे अध्यक्ष हिदेओ ताकेमोतो दारात येऊन उभे राहिले. वय ऐंशी. दोन वर्षांचे असताना जपानहून बोटीतून आलेले. वेदीवरची मूर्ती त्यांच्या वडिलांनी त्याच बोटीतून आणलेली.

"हे काय चाललंय, वहिनी? सूत्र पोर्तुगीजमध्ये? उद्या बुद्धाला फुटबॉलही खेळायला लावाल!"

"सूत्र जपानी तरी कुठंय, ताकेमोतोसान? भारतातलं ते, चिनीत गेलं, त्या चिनीचे आपण आपल्या तोंडाने उच्चार करतो. तुम्हाला कळतं?"

"कळायसाठी नसतंच ते!" म्हाताऱ्याने टोपी चढवली. "मी येईन, पण बेनेदितोसाठी. हे ऐकायला नाही."

दुसऱ्या दिवशी थडग्यापाशी फादरांनी प्रार्थना संपवली आणि बाजूला सरकून शिझुएला जागा दिली. तिने आधी जुनं सूत्र म्हटलं, मग वही उघडली. अमिदाच्या देशातल्या तळ्यांबद्दल, झाडांबद्दल तिने वाचलं. मग तिथे मोर, पोपट आणि साबिया दिवसातून सहा वेळा गातात आणि ऐकणाऱ्याच्या मनात धर्म जागा होतो, हे वाचलं. बेनेदितोच्या बहिणींनी माना डोलावल्या. हिदेओ हाताची घडी घालून सगळ्यांच्या मागे उभे होते. मध्येच त्यांची घडी सुटली.

सगळे पांगल्यावर ते शिझुएजवळ आले.

"वहिनी, हे खरंच त्यात आहे? पोपट वगैरे?"

"आहे. साबिया तेवढा झुल्मिराचा."

"माझी आई कॉफी तोडून आली की रोज हेच म्हणायची. तिलाही अर्थ माहीत नव्हता. मला वाटायचं, ती कशाची तरी भीक मागतेय. लाज वाटायची मला." त्यांनी टोपी काढून हातात चुरगळली. "आणि ती तर पक्ष्यांबद्दल बोलत होती."

शिझुएने वही त्यांच्या हातात दिली आणि ते तिथेच उभ्याने ती वाचू लागले.

तेव्हापासून रविवारी सूत्र दोन्ही भाषांत होऊ लागलं. आठ म्हातारे उरले होते तिथे आता वीसेक माणसं बसू लागली. झुल्मिरा, तिच्या नणंदा, समोरच्या बेकरीतला इटालियन. पोर्तुगीज भाग मीच वाचणार, असा हट्ट हिदेओंनी धरला. पहिल्याच रविवारी ते एका शब्दावर अडखळले.

"तसं नाही म्हणत," पहिल्या बाकावरून झुल्मिरा म्हणाली.

"गप बस गं! अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली मला या देशात!" हिदेओ गुरकावले, आणि घसा खाकरून तो शब्द तिने सांगितला तसा पुन्हा म्हणाले.