चिनुभाईच्या बाचं नाव

आमच्या सिद्धपुरात मेलेल्या आया येतात, त्याचं इथं कुणाला काही वाटत नाही. बापाच्या श्राद्धाला जग गयेला जातं, पण आईचं करायचं तर बिंदू सरोवरावरच यावं लागतं. कार्तिक लागला की पायऱ्यांवर जिवंत मुलगे आणि मेलेल्या आया यांची नुसती सरमिसळ होते. आया येतात, पिंड घेतात, मुलाला "किती सुकलास रे" म्हणतात आणि वाटेला लागतात. पाण्यात पाय घातला तरी भिजत नाहीत, एवढंच. बाकी धडधाकट. काही तर माझ्या पिठाला नाकं मुरडून जातात. म्हणे तूप कमी घालतेस! मेल्यावर तरी गप्प बसावं की नाही माणसानं?

पिंड वळायचं काम माझं. माझे यजमान भानुशंकर इथले गोर, म्हणजे पुरोहित; मंत्र ते म्हणतात. मंत्र चोख, स्वभाव एरंडेल.

त्या दिवशी विसनगरचा चिनुभाई आला. तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, साठी उलटलेली, पोट सुटलेलं. धोतराची सवय नसल्यामुळे एका हातानं ते घट्ट धरून बसला होता बिचारा.

"आईचं नाव?" यांनी विचारलं.

"बा," चिनुभाई म्हणाला.

"अहो, बा सगळ्यांचीच असते. नाव काय?"

चिनुभाईनं फोन काढून सुरतेच्या बहिणीला लावला. "बाचं नाव काय गं?" पलीकडून आवाज मलासुद्धा ऐकू आला, "बाचं नाव? बाच ना?" आणि ती रडायलाच लागली. मग बायकोला लावला. ती फणकारली, "मला काय विचारता? मी सासूबाईंना नावानं हाका मारत होते वाटतं?"

"आटपा, आटपा," हे खेकसले. "मागे रांग लागलीय. जेवायला घालतो तिचं नाव माहीत नाही, आणि निघाले मोक्ष द्यायला!"

बिचारा इतका गांगरला की त्यानं ठोकूनच दिलं, "कमळा!"

यांनी ताबडतोब त्याच्या हातावरून पाणी सोडायला लावलं. संकल्प झाला.

आणि तळ्यातून एक हडकुळी बाई तरातरा पायऱ्या चढून आली, पदर सावरून समोर मांडी घालून बसली. "मी कमळा, उंझ्याची. कुणी बोलावलं?"

"ही माझी बा नाही!" चिनुभाई ओरडला.

"नसेन. पण तू हाक मारलीस आणि मी आले. मला मूलबाळ नव्हतं रे बाबा. मरून इतकी वर्षं झाली, कुणी हाक म्हणून मारली नाही. आता उठायला सांगू नकोस."

यांनी कपाळाला हात लावला. पाणी सोडलं की परत घेता येत नाही. आईनं पोरासाठी सोसलेल्या एकेका त्रासाचा इथं एकेक पिंड असतो, त्याचा श्लोकही वेगळा. पोटातल्या ओझ्याचा झाला, उलट्यांचा झाला, कळांचा झाला. कमळा प्रत्येक वेळी म्हणायची, "मला असलं काही झालं नाही हो, पण द्या." असं म्हणून ओंजळ पुढे करायची. खोटं कशाला बोलू, मला तिचा राग येईना. मलाही मूल नाही. मी पुढचा पिंड जरा मोठाच वळला.

तेवढ्यात चिनुभाई ताडकन उठला. धोतर सुटता सुटता राहिलं. "बा! ती बघा माझी बा!"

पिंपळाखाली एक बुटकी म्हातारी पदराचं टोक दातात धरून उभी होती. बोलावणं नाही म्हणून पुढे येत नव्हती.

"आता तिलाच विचारा," हे म्हणाले.

"बा, तुझं नाव काय?"

म्हातारीचा चेहरा पडला. "अरे, मी तेच विचारायला आलेय तुला. वर्षभर चालले. तापलेली वाळू झाली, काटे झाले, ती घाणेरडी नदी झाली, सगळं निभावलं. शेवटी दारावरचा म्हणाला, नाव? मी म्हटलं, चिनूची बा. तो म्हणाला, चिनूच्या बा इथं ढिगानं उभ्या आहेत आजी, नाव घेऊन या. म्हटलं, लेकाला ठाऊक असेल."

"पण तुला स्वतःला आठवत नाही?"

"माहेरी नानकी म्हणायचे, धाकटी होते ना. लग्नात तुझ्या बापानं ताटातल्या गव्हावर काहीतरी नवं नाव लिहिलं. तेव्हा एकदाच ऐकलं, त्यात वाजंत्री चाललेली. मग सगळे वहू, सूनबाई म्हणायला लागले. मग तू झालास." तिनं जरा विचार केला. "मग नाव लागलंच नाही कशाला."

हे खाली मान घालून पिंड मोजायला लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "चिनुभाई, हे पिंड संपायच्या आत नाव सापडायला हवं. नाहीतर पुढच्या कार्तिकापर्यंत म्हातारीला असंच मधे लटकावं लागेल. दाराच्या अलीकडे आणि घराच्या पलीकडे."

मग काय! चिनुभाई पायरीवर उभा राहून आठवतील ती नावं ओरडायला लागला. "रुखी! जिवी! मंछा! धनलक्ष्मी!" आणि प्रत्येक नावाला तळ्यातून कुणीतरी वर यायची. रुखी आली, दोन जिवी आल्या आणि आधी कोण यावरून भांडायला लागल्या. धनलक्ष्मी तर चांगली नथ घालून आली. चिनुभाई प्रत्येकीला पिंड देई आणि पिंपळाकडे बघे. त्याची बा तिथूनच मान हलवी, नाही रे, ते नाही. मी पीठ मळते आहे, मळते आहे, हाताची बोटं वाकडी व्हायची वेळ आली.

"बंद करा हा बाजार!" हे ओरडले. "मी गोर आहे, खानावळवाला नाही!"

डब्यातलं पीठ संपलं, परातीत शेवटचा गोळा उरला. चिनुभाईची नावं संपली होती. घसा बसला होता. त्यानं एकदा परातीकडे बघितलं, एकदा पिंपळाकडे. म्हातारी दातातला पदर सोडून डोळे पुसत होती आणि वर त्यालाच सांगत होती, "जाऊ दे चिनू. पुढच्या वर्षी बघू. तू आधी काहीतरी खाऊन घे."

तो साठीचा बाप्या एकदम चार वर्षांच्या पोरासारखा भोकाड पसरून ओरडला, "बा!"

देवाशप्पथ सांगते, सगळं सरोवर वळलं. पायऱ्यांवरच्या, पाण्यातल्या, पलीकडच्या गोरांपुढे बसलेल्या, मेलेल्या, जिवंत, दर्शनाला आलेल्या, भाजी विकणाऱ्या, झाडून साऱ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "आले रे!"

आणि त्यांत माझाही आवाज होता. इतकी वर्षं या घाटावर मला सगळे गोराणी म्हणतात. बा म्हणून कुणी म्हणजे कुणी हाक मारलेली नाही. तरी तोंडातून गेलंच.

"अहो, ऐकलंत?" मी यांना म्हटलं. "घाला तेच नाव. सोडा पाणी."

"बा या नावानं? असा संकल्प कुठं असतो?"

"नसेल तर आजपासून असेल! बघताय काय, सोडा म्हणते ना!"

माझा हा आवाज यांनी लग्नापासून ऐकला नसावा. सोडलं मुकाट्यानं पाणी. चिनुभाईनं शेवटच्या गोळ्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि पायऱ्यांवरून चालत निघाला, पुढे येईल त्या हातावर एकेक ठेवत. पहिला त्यानं पिंपळाखाली नेला. म्हातारीनं तो खाल्ला, त्याच्या गालावरून हात फिरवला.

"वर नाव विचारलं तर काय सांगशील बा?" त्यानं विचारलं.

"म्हणेन, आत्ता खाली लेक केवढ्यानं बा म्हणून ओरडला, तुम्हाला ऐकू नाही आलं? ती मी."

ती गेली. चिनुभाई रडत रडत वाटतच राहिला. कमळाच्या हातावर ठेवला, दोन्ही जिवींच्या हातावर ठेवला. कुणाचं तोंड त्याला दिसत नव्हतं, नुसते हात. असाच तो परातीशी आला, आणि तिथं पिठानं माखलेला एक हात पुढे आलेला होता. त्यानं त्यावरही एक तुकडा ठेवला आणि वाकून नमस्कार केला.

अरे, मी अजून जिवंत आहे, हे त्याला सांगायला हवं होतं. मी मूठ मिटली.