डाव्या बाजूची दोन चाकं

टायरच्या दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेवढ्यात मास्तरांनी गाडी दारात आणून उभी केली. इंजिन बंद झालं तरी मागच्या डाव्या चाकातून हवा जातानाचा बारीक आवाज येतच होता. घरापासून दुकान चार किलोमीटर, आणि तेवढ्यात दोनदा थांबून हवा भरावी लागली होती.

गाडीतून उतरणं हे त्यांचं एक कामच होऊन बसलं होतं. आधी स्टिअरिंगखाली अडकलेला गुडघा सोडवायचा, मग मान वाकवायची, मग दाराला धरून स्वतःला बाहेर ओढायचं. सहा फुटी माणूस आणि सीट अशी पुढे ओढलेली, की शाळेतल्या पोरालाही अडचण व्हावी.

"सावकाश, काका," शटर वर ढकलणारी बाई म्हणाली. ठेंगणी, चाळिशीची, हाताला ग्रीस. दुकान तिचंच होतं.

"आज चारच्या आत तपासणी आहे," मास्तर म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "शेवटची संधी आहे. दोनदा नापास झालीय."

गाडी एकोणीस वर्षांची. आज पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. मुलगा दुसऱ्या शहरात होता आणि त्याचा हिशेब सरळ होता. "बाबा, त्या पत्र्याच्या डब्यात काय जीव अडकलाय तुमचा? सोमवारी माणूस पाठवतो, घेऊन जाईल." मास्तर फोनवर नुसते हं हं करत राहिले होते.

गाडी बायको चालवायची. त्यांच्याकडेही लायसन्स होतं, पण हौस तिची. उंची पाच फूटसुद्धा नाही. सीट पार पुढे, पाठ ताठ, हनुवटी वर, आणि समोरचा कोणी आडवा आला की काच खाली करून त्याची खरडपट्टी. मास्तर शेजारी बसून गप्प. दिवसभर शिवणयंत्रावर वाकून काढलेली पाठ टेकायला त्यांना तेवढीच जागा मिळायची.

ती जाऊन चार महिने झाले होते. सून आठवडाभर येऊन राहिली, कपाट आवरून गेली, पलंग खिडकीकडून भिंतीकडे सरकवून गेली. चांगल्या मनानंच केलं तिनं. घरात आता सगळं नीटनेटकं होतं आणि बायकोनं ठेवलं तसं काहीही नव्हतं. राहिली होती ती एवढी सीट. तिनं शेवटचं जिथं सरकवली तिथंच. म्हणून मास्तर चार महिने गुडघे छातीशी घेऊन गाडी चालवत होते. आरशालाही त्यांनी हात लावला नव्हता. त्यांच्या उंचीवरून त्यात मागचा रस्ता दिसायचाच नाही, फक्त मागची रिकामी सीट दिसायची.

दोन आठवड्यांपूर्वी वळण घेताना गुडघा स्टिअरिंगला अडकला. गाडी फुटपाथच्या कडेवर चढली आणि धाडकन उतरली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

बाई उकिडवी बसली. आधी पुढच्या आणि मग मागच्या चाकाच्या कडेवरून तिनं बोटं फिरवली.

"काका, टायरला काही झालेलं नाही. आतली रिम वाकलीय. दोन्ही. मागच्या रिमला तर तडा गेलाय."

"ठोकून सरळ होईल?"

"वाकलेली होईल. तडकलेलीचं काय करणार? तपासणीवाले पहिलं तेच बघतात."

"माहीत आहे. म्हणून मी घेऊन आलोय." मास्तरांनी डिकी उघडली. आत दोन रिमा होत्या, जुन्या, पण घासून स्वच्छ केलेल्या.

आदल्या दिवशी ते अख्खं शहर पालथं घालून आले होते. आधी एका झगमगीत दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्यानं चकचकीत, सोळा इंची रिमा पुढे केल्या. "या लावा, गाडी वीस वर्षांनी तरुण दिसेल." "गाडी एकोणीसचीच आहे," मास्तर म्हणाले. "मग जन्माच्या आधीची दिसेल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. शिवाय मोठी चाकं वळताना मडगार्डला घासली असती. तिथून ते भंगारवाल्याकडे गेले. चौदा इंची, चार नटांची, हवी तशी जोडी तिथं मिळाली.

"मोजून आणल्यात," त्यांनी खिशातली टेप काढून दाखवली. चाळीस वर्षं गळ्यात घातलेली.

बाईचा भाऊ तोवर आला होता. त्याला सगळे पहिलवान म्हणत आणि का म्हणत ते विचारावं लागत नसे. त्यानं गाडी जॅकवर घेतली, मागचं चाक उतरवलं आणि आणलेली रिम धरून पाहिली. पहिला नट गेला. दुसरा गेला. तिसरा अर्ध्यात अडला. चौथा तोंडालाच लागेना. त्यानं पाना घेतला.

"थांब," बाई म्हणाली. तिनं लोखंडी मापपट्टी आणून भोकांमधलं अंतर मोजलं. "हे अठ्ठ्याण्णव आहे. तुमच्या गाडीला शंभर लागतं."

"दोन मिलीमीटर?" मास्तर म्हणाले. "दोन मिलीमीटर म्हणजे काय हो? एवढं तर शिलाईत जातं. जरा ओढून घ्या."

बहीणभाऊ एकमेकांकडे बघू लागले.

"शिंपी का तुम्ही?"

"होय."

"तरीच. काका, टेप कापडाची, मोजणारा हात कापडाचा. लोखंड ओढून बसत नाही. मी जोर लावून आवळेन, बसेलही. पण वाकडं बसेल. थोडे दिवस थरथर होईल, मग नट सैल होतील, आणि एक दिवस चाक तुमच्या आधी घरी पोचेल."

पहिलवान हसला. मास्तर हसले नाहीत. चाळीस वर्षांत त्यांच्या मापात चूक निघाली नव्हती, आणि निघाली ती आज.

"दुसरी मागवा कुठून तरी."

बाईनं तीन फोन केले. कंपनीनं ही रिम बनवणं कधीच बंद केलं होतं. एकाकडे होती, पण यायला दहा दिवस लागणार होते. घड्याळात साडेअकरा झाले होते. मास्तर टायरांच्या चळतीवर बसले. त्यांचा फोन वाजला. मुलगा होता.

"बाबा, सोमवारचं नक्की. चावी आणि कागद काढून ठेवा."

"हं."

"आवाज असा का येतोय? कुठे आहात?"

"बाहेर," ते म्हणाले आणि फोन ठेवला. मग बाईकडे न बघता म्हणाले, "काहीही करा हो. मी हात जोडतो." आणि खरंच जोडले.

बाईनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "पहिलवान, स्कूटर काढ. काकांना घेऊन परत भंगारवाल्याकडे जा. रिमच्या आतल्या बाजूला आकडे कोरलेले असतात, ते हेच हवेत." तिनं आकडे त्याच्या तळहातावर पेननं लिहिले. "टेप इथंच ठेवा, काका."

भंगारवाला जेवायला बसण्याच्या तयारीत होता. "घेतलेला माल परत नाही."

"परत नको. बदलून दे," पहिलवान म्हणाला.

"तुमच्या मॉडेलची एकच गाडी आहे माझ्याकडे. ती दाबायला लावलीय. रांगेत तिसरी. यंत्र दोनला सुरू होतं. काढून घेता आली तर घ्या."

मास्तर यंत्राच्या दिशेनं गेले आणि जागीच थबकले. त्यांचीच गाडी तिथं उभी होती. तोच रंग, तोच दिव्यांचा आकार. दारं नव्हती, काचा नव्हत्या. शेजारी आधीच्या गाड्यांचे दाबलेले ठोकळे एकावर एक रचले होते. त्यांनी आत डोकावून पाहिलं. ड्रायव्हरची सीट कोणीतरी काढून नेली होती. तळाच्या पत्र्यावर, जिथं सीट सरकते, ते दोन रूळ तेवढे उरले होते.

"काका, बघत काय बसलात? पाना द्या!"

नट गंजले होते. पहिलवान पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहिला, उड्या मारल्या, शिव्या घातल्या. मास्तर मातीत बसून सुटलेला एकेक नट शर्टच्या खिशात टाकत होते आणि एक नट दोनदा हातातून पडला. यंत्राची मोटर घरघरू लागली तेव्हा दुसरी रिम सुटली. स्कूटरवर परत येताना दोन्ही रिमा त्यांनी मांडीवर घट्ट धरल्या होत्या.

बाईनं आकडे तपासले, यंत्रावर फिरवून पाहिल्या आणि मान डोलावली. मग टायर उतरवण्याआधी तिनं पिवळ्या खडूनं टायरवर एक रेघ मारली, हवेच्या तोंडासमोर.

"ती कशाला?"

"टायर पूर्वी कसा बसला होता ते कळायला. नवीन रिमवरही तस्साच बसवायचा."

टायर चढले, चाकं लागली, नट हातानं शेवटपर्यंत गेले. पावणेतीन वाजले होते. "एक चक्कर मारून आण," बाई म्हणाली. पहिलवानानं दार उघडलं आणि सीटखालच्या दांड्याकडे हात घातला.

"हात लावू नका!"

सगळा रस्ता वळून बघेल असा आवाज होता. मास्तरांनी पहिलवानाचं मनगट पकडलं होतं.

"अहो काका, मी मावणार कसा आत? बुटात पाय घालायचा चमचा लावून?"

"नका मावू. सीट हलवायची नाही."

बाई जवळ आली. तिनं सीटकडे पाहिलं, मग मास्तरांच्या लांब पायांकडे, मग वाकलेल्या रिमांकडे. "पहिलवान, बाजूला हो. काका, तुम्ही तिकडून बसा."

ती आत बसली. सीट तिच्यासाठीच लावल्यासारखी होती. मास्तर शेजारी बसले, चार महिन्यांत पहिल्यांदा. गाडी रस्त्याला लागली. थरथर नाही, आवाज नाही. मास्तर समोर बघतच नव्हते. ते तिच्या पायांकडे बघत होते, क्लच, ब्रेक, क्लच. मग त्यांनी पाठ टेकली आणि डोळे मिटले. सिग्नल येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथं डोळे उघडले, तर शेजारी टायरवाली होती.

ती गाडी कडेला घेऊन थांबली.

"गाडी ठणठणीत आहे. चालवणारा नाही. राग मानू नका."

मास्तरांनी गुडघा चोळला.

"तपासणीला साहेब ब्रेक लावून दाखवा म्हणतात. अशा बसण्यानं तुमचा पाय ब्रेकवर पुरता येत नाही. चाकं तशीच गेली ना? उद्या फुटपाथवर कोणी उभं असेल."

"माझी बायको चालवायची," मास्तर म्हणाले. "घरात तिनं ठेवलेलं काही राहिलं नाही हो. मी सीट सरकवली की संपलं. मला परत ती जागा सापडणार नाही."

बाईनं एप्रनच्या खिशातून पिवळा खडू काढला. खाली वाकून तिनं सीटच्या पायावर आणि रुळावर मिळून एक जाड रेघ मारली. "ही घ्या. रेघेला रेघ लावली की तीच जागा. टायरचं करतो तेच. आता तुम्हीच सरकवा, मी नाही."

चाळीस वर्षं खडूनं खुणा करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं. त्यांनी बाजू बदलली, गुडघे आत कोंबले आणि दांडा ओढला. तो आधी हलला नाही. मग खट. मग पुन्हा खट. त्यांनी मोजलं. सात वेळा. पाय सरळ झाले. त्यांना मोकळं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

बाईला दुकानात सोडून ते तपासणीला गेले. साहेबांनी चाकं ठोकून पाहिली, आकडे वाचले, ब्रेक लावायला लावला. गाडी जागच्या जागी थांबली. चारला दहा कमी असताना कागदावर शिक्का बसला.

मास्तरांनी गाडी आवारातच एका बाजूला घेतली. कागद शेजारच्या सीटवर ठेवला. मग सीट पुढे घेतली, सात वेळा खट, वाकून पाहिलं, रेघेला रेघ लागली. बाईनं खरं सांगितलं होतं. त्यांनी गुडघे कसेबसे बसवले, पाठ वाकवून स्वतःला पाच फुटांचं केलं आणि आरशात पाहिलं. मागची पूर्ण काच दिसत होती, मागचं फाटक, रांगेतल्या गाड्या. तिला हे असं दिसायचं तर.

आणि मग त्यांना आठवलं. चक्कर मारायला निघताना बाईनं सवयीनं दोन बोटं वर करून आरसा जरासा फिरवला होता. त्यांनी ते पाहिलं होतं आणि लक्ष दिलं नव्हतं. किती फिरवला होता? केसभर? बोटभर? का फिरवल्यासारखं करून होता तसाच ठेवला? दिसत होतं ते बायकोचं होतं की टायरवालीचं, हे सांगायला आता कोणी नव्हतं. सीटची खूण केली तेव्हाही आरशाचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. आलं असतं तरी उशीर झालेला होता.

ते तसेच वाकून बसून राहिले. नजर हलवली तर तेही जाईल असं वाटत होतं.

काचेवर टकटक झाली. फाटकावरचा रखवालदार होता. "काका, झालं ना तुमचं? गाडी काढा, मागे रांग आहे."

"काढतो."

त्यांनी सीट मागे घेतली. खट, खट, सातही. आरशात आता फक्त मागची रिकामी सीट होती. मास्तरांनी थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं. मग आरसा धरला, मागचा रस्ता आपल्याला दिसेल असा फिरवला, आणि गाडी काढली.