वरते बसा, इहीनबाई

…भोकं होती. खुर्चीच्या बुडाला, मधोमध, पाच भोकं – आणि आशाबाईनं बसायच्या आधी तीच पाहिली. घरात गादीची खुर्ची होती, लाकडी होती, पण अंगणात आणून ठेवली ती नेमकी ही, निळी, प्लास्टिकची, नळाखाली धरून धुता येईल अशी. बाकी साऱ्या बाया खाली सतरंजीवर. मधे परात, परातीत ओल्या फडक्याखाली मळलेली कणीक, शेजारी काड्यांची जुडी. दरसाल उन्हाळा लागला की अकोल्याच्या जुन्या शहरातल्या या अंगणात, लेकीच्या सासरी, वाळवणाचे सरगुंडे करायला तिला नांदगाव खंडेश्वरहून बोलावणं यायचं. कणकेची दोरी काडीवर अशी गुंडाळायची की सोडवताना तुटता कामा नये, आणि ते आशाबाईच्या बोटांनाच जमतं असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. ती परातीशी मांडी घालून बसल्याशिवाय कोणी काडी उचलत नसे.

"तुमी वरते बसा, इहीनबाई," भागीरथाबाई म्हणाल्या. दामिनीची सासू. "आता कायले खाली बसता? तुमी नुसतं सांगत जा, पोरी करतीन."

मान दिला म्हणायचं. बायांनीही माना डोलावल्या – बसा ना वं, बसा. तरी तिनं सवयीनं परातीकडे हात नेला. हात धुतलेले होते, साबणानं, दोनदा. तेव्हा भागीरथाबाईंनी परात आपल्याकडे ओढली. दोन बोटं, जास्त नाही. कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

माझ्या आलं, आशाबाई मनाशी म्हणाली.

ती खुर्चीवर बसली. पाय कुठं ठेवावे ते कळेना. खाली साऱ्यांच्या भांगातलं कुंकू दिसत होतं, आणि दामिनीचा भांग सगळ्यात खाली वाकलेला, जणू कणकेत सुई हरवली आहे.

काल संध्याकाळी पोचल्यावर गादीवर टेकताच चादरीखाली करकर झाली होती. मेणकापड. तिनं हात फिरवून पाहिलं – न सांगता, न विचारता पोरीनं केवढी काळजी घेतली, पोटची लेक ती पोटची लेक… त्या सुखात ती झोपलीसुद्धा. आणि आज सकाळी चहाची बशी पुढं करत भागीरथाबाईंनी आवाज खाली आणला, वऱ्हाडातल्या बाईला आणता येतो तेवढा. "मेनकापड म्याच टाकाले लावलं. लाजू नोका. माह्या सासूले बी होतं, अखेरीस."

अखेरीस! छप्पन्नावं चालू आहे मला. अजून तुरीच्या शेतात दिवसभर उभी राहते मी. राग यावा असं त्या बाईनं काही म्हटलंही नव्हतं, तिचा जीव खरंच कळवळला होता, आणि म्हणूनच आशाबाईला तो चहा गिळता येईना. भांडायला आली असती तर चार शब्द परत देता आले असते. कीव कशी परत देणार?

चार वर्षं झाली गर्भपिशवीच्या ऑपरेशनला. आधी शिंकेला थेंब निसटायचा, मग हसताना, मग झोपेतही. नवरा, नत्थुजी, ओसरीत झोपतात. त्यांना अजून पत्ता नाही. नांदगावच्या मेडिकलवर भावकीतलाच माणूस बसतो, त्याच्याकडून पॅड आणायचे म्हणजे दवंडी पिटायची. म्हणून एका माणसाला सांगितलं. एकाच. दामिनी अकोल्यातून घ्यायची, साडीच्या पिशवीत तळाला घालून द्यायची, आणि आशाबाई प्रवासाचा दिवस असा आखायची की एखाद्या कलेक्टरनं दौरा आखावा – आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद, काळपट लुगडं, एसटीत दाराजवळची सीट, बडनेऱ्याला गाडी बदलताना आधी संडास मग फलाट, मूर्तिजापूरला कोणी कितीही आग्रह केला तरी चहा नाही. वापरलेलं पॅडसुद्धा लेकीच्या दारच्या घंटागाडीत टाकलं नाही कधी. दोन गाठी मारून, पिशवीत पिशवी घालून, परत नांदगावला नेलं आणि वावरात पुरलं. इतकं सांभाळलं. झाकली मूठ म्हणतात ती ही. आणि ती कोणी उघडली?

काड्या धुवायला दामिनी नळावर गेली, तशी आशाबाई तिच्या मागं गेली.

"काहून सांगतलं वं?"

दामिनीनं नळ मोठा केला. "हळू बोल ना, आई."

"आता हळू कायले? साऱ्या घराले मालूम आहे."

"साऱ्या नाही. सासूबाईलेच." मग काड्यांकडे पाहतच, "दिवाळीले तू गादी उलटी करून गेली. मले सांगतलं बी नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईनं ऊन दाखवाले काढली. तिथं मीच झोपली होती तुह्याजवळ… यायले वाटलं, मीच."

दामिनीनं काड्या झटकल्या.

"मंग मी काय करू? माहं नाव होऊ देऊ?"

आपण तोंडातून "नाही" काढलं, का नुसती मान हलवली, आशाबाईला आठवेना. गादी उलटी केली होती, खरं आहे. आठची गाडी होती, पोर स्वयंपाकघरात होती, वाटलं वाळून जाईल… तेवढी चूक माझी, घेते पदरात. पण तूच – एवढा एक शब्द सासूकडून ऐकून दामिनीला जे झालं असेल ते या घरात दुसऱ्या कोणाला कळणार होतं? तेरा वर्षांची होईस्तोवर दामिनी रोज गोधडी भिजवायची. रोज कोंबडं आरवायच्या आधी उठून, ती गोधडी गोठ्यामागं पिळून, आशाबाई घरात येऊन सांगायची, माह्या हातून तांब्या सांडला. सासूला, नणंदेला, नवऱ्याला. इतके तांबे सांडले की घरानं तिला वेंधळी ठरवलं, दुधाच्या भांड्याला हात लावू देईनात. ती ऐकून घ्यायची. पोरगी दाराआडून पाहायची, तिच्या चेहऱ्यावर ती भीती… आणि सोयरीक जुळवायला हीच भागीरथाबाई आली आणि विचारती झाली, पोरीले काही दुखनं-खुपनं? तेव्हा आशाबाईनं डोळ्यात डोळा घालून म्हटलं, काहीच नाही.

आणि हिला एकदा म्हणता आलं नाही, तांब्या सांडला? शब्द शोधायलाही जायचं नव्हतं. घरातलाच होता, मायनं वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत करून ठेवलेला. एकदाच लागणार होता. गादीचं नव्हे, मेणकापडाचं नव्हे, याचं दुःख. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कोणाला सांगायचं?

ती परत येऊन खुर्चीवर बसली. सरगुंडे जाड होत होते, दोरी तुटत होती, आणि बाया हसत होत्या. कोणी तिला काही विचारलं नाही. ऊन सतरंजीवर आलं तसं त्या उठून पाणी प्यायला ओट्याकडे गेल्या. परातीशी दामिनी तेवढी राहिली. भागीरथाबाई खुर्चीजवळ सरकल्या, गुडघा दाबत बसल्या, आणि त्याच मायेच्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू का, इहीनबाई? हे रक्तातून येते म्हनतात, मायपासून लेकीले. लहानपनी दामिनीले होतं काय असं?"

दामिनीची बोटं काडीवर थांबली. कणकेची दोरी अर्धी गुंडाळलेली, अर्धी लोंबत.

नाही. एवढंच तर म्हणायचं होतं. हे उत्तर आशाबाईला कधी शोधावं लागलं नव्हतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत ते ओठावर यायचं, चढत्या वयात, आजारपणात, ऑपरेशनच्या गुंगीतही कोणी विचारलं असतं तरी आलं असतं. तिनं तोंड उघडलं. आलं नाही. भागीरथाबाई वाट पाहत होत्या. सांगून टाकावं असं तिच्या मनात नव्हतं, न सांगावं असंही नव्हतं. फक्त घाई नव्हती, आयुष्यात पहिल्यांदा घाई नव्हती. दामिनीनं मान वर केली. तीच भीती होती, दाराआडची, आठ-नऊ वर्षांच्या पोरीची, जी पाहून पूर्वी आशाबाईचं काळीज तुटायचं आणि पाय आपोआप गोठ्याकडे वळायचे. आज ती तिच्याकडे नीट पाहत बसली, आणि पाहताना आपल्याला बरं वाटतंय, हे तिला कळलं.