तुमिराच्या हातची चिप

लासेम गावात बातिकच्या, म्हणजे मेणाची नक्षी काढून कापड रंगवायच्या कामात तुमिराचा हात धरणारं कोणी नव्हतं. तापल्या मेणाची चांतिंग, ती तोटीची छोटी लेखणी, तिने उचलली, की तोटीतून केसाएवढी रेघ निघायची आणि कापडावर न अडखळता हातभर जायची. नवरा प्रवोतो निवृत्त शाळामास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं. त्यांना नाद हौशी रेडिओचा. यंत्रं स्वतःच्या हाताने जोडायची आणि समुद्रापलीकडच्या माणसांशी तासन्‌तास बोलत बसायचं. चाळीस वर्षांत तुमिराने त्या नादाला 'तुमची किरकिर' यापलीकडे नाव दिलं नव्हतं.

यंदा गुरुजींच्या हाताला कंप सुटला, आणि नेमकी तेव्हाच रेडिओतली एक चिप जळाली. मसुरीच्या दाण्याएवढी, आठ पायांची, बोर्डावर सपाट बसवलेली. नवी चिप आणून ठेवली होती, पण जुनी काही निघेना. तीन दिवस खटपट केली, त्यात शेजारचा तिळाएवढा भाग उडून फरशीवर पडला. तो तुमिरानेच शोधून दिला.

"द्या ना दुकानात."

"माझा रेडिओ परक्या हातात देऊ? लोक म्हणतील, गुरुजी थकले!"

"थकलातच की. सरका तिकडे."

तिने भिंग डोळ्यांवर चढवलं आणि सोल्डरिंग आयर्न उचललं.

"अगं, तसं नाही, जरा मागून धर—"

"अख्खा जन्म तापलेलं हत्यार धरण्यात गेला माझा. काय करायचं तेवढं सांगा, कसं धरायचं ते नको."

गुरुजींनी सांगितलं. दोन्ही बाजूंच्या पायांवर भरपूर सोल्डर चढवायचं, आळीपाळीने दोन्हीकडे तापवायचं, आणि सगळं एकदम वितळलेलं असतानाच चिमट्याने चिप उचलायची. ओढायचं नाही, नाहीतर पायांखालचं, बोर्डावरचं तांबं उखडतं.

तुमिराने टोक टेकवलं आणि लगेच काढून घेतलं.

"हे थंड आहे."

"तीनशे अंशांवर आहे! तांबं सुटू नये म्हणून मुद्दाम कमी ठेवलंय."

"थेंब वर गोळा होऊन बसतोय, पसरत नाही. मेण निवलं की अगदी असंच होतं. मग तुम्ही तेच टोक घासत बसता. तांबं त्याने नाही का सुटणार? वाढवा."

एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या गुरुजींनी वाकून थेंब पाहिला. मग त्यांनी आकडा साडेतीनशेवर नेला.

आता सोल्डर चकाकलं आणि पायांवरून पाण्यासारखं पसरलं. या बाजूने, त्या बाजूने, पुन्हा या बाजूने. तुमिराने श्वास रोखला. चिप किंचित सरकली आणि अलगद चिमट्यात आली. खालचं तांबं आठही ठिकाणी जसंच्या तसं.

तांब्याच्या वेणीने तिने उरलेलं सोल्डर टिपून घेतलं. नव्या चिपवरचा ठिपका कुठल्या बाजूला हवा, ते विचारलं. आधी एक कोपरा जोडला, मग समोरचा, मग बाकीचे पाय, आणि उडालेला तिळाएवढा भागही जागच्या जागी. शेवटी दोन पायांमध्ये थेंब साचून ते एकमेकांना चिकटले.

"गेलं!" गुरुजी ओरडले.

"ओरडू नका. कापडावर थेंब पडला तर कापड फेकून देते का मी?" तिने वेणी ठेवली, वरून टोक टेकवलं. जास्तीचं सोल्डर शोषलं गेलं.

रेडिओ लावला. खरखर झाली आणि समुद्रापलीकडच्या मकास्सरमधून रेडिओमित्र बस्रीचा आवाज आला, "गुरुजी! इतके दिवस कुठे होतात? रेडिओ बिघडला होता ना? कोणी दुरुस्त केला?"

"माझ्या बायकोने! आठही पाय, एका बैठकीत!" गुरुजी असे बोलले, की रेडिओशिवायही मकास्सरला ऐकू जावं.

"मग द्या वहिनींना!"

तुमिराने मान हलवली. "त्यांना म्हणावं, इथे भात निवतोय."

रविवारी हाजी मुस्ताकिमांच्या कॉफीच्या दुकानात रेडिओवाले जमले. गुरुजींनी रेडिओ मुद्दाम झाकण काढूनच नेला आणि बायकोने दुरुस्त केल्याचं सगळ्यांना सांगितलं; तुमिरा बाहेरच्या बाकावर बसली होती. हाजींनी आजवर कोणाच्या कामाला बरं म्हटलं नव्हतं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"हे कारखान्यातलं काम आहे. थापा मारू नका."

"कारखाना बाहेर कॉफी पितोय, विचारा जाऊन," गुरुजी म्हणाले.

सगळ्यांच्या माना वळल्या. हाजी उठले, त्यांनी स्वतः खुर्ची आणून तुमिराला आत बसवलं आणि आपला बंद पडलेला रेडिओ तिच्यापुढे ठेवला. "वहिनी, याच्याकडेही बघाल का?"

"मंगळवारी. सोमवारपर्यंत कापड पुरं करायचंय."

घरी जाताना गुरुजी असे छाती काढून चालत होते, जणू सोल्डर त्यांनीच लावलं होतं. तुमिराने त्यांची बाही ओढली. मग म्हणाली,

"अहो, शंभर पायांच्या चिपा असतात म्हणे. त्या कशा काढतात?"